‘नटसम्राट’मध्ये कॉर्डेलिया का नाही?

(बी. ए. द्वितीय वर्ष, मराठी)

यंदाच्या स्नेहसंमेलनात तीन मुलांनी अप्पासाहेब बेलवलकर सादर केला. तिघांनीही घरून आजोबांची शाल आणली होती, तिघांच्याही दाढीचा कापूस घामाने सुटत होता, आणि तिघांनाही भरपूर टाळ्या पडल्या. मी पुढून चौथ्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या. कावेरी मात्र एकाही मुलीने केली नाही. नंतर मैत्रिणींना विचारले तेव्हा एकजण म्हणाली, "अगं, तिला कुठं मोठं भाषण आहे?"

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

मी हा लेख टीकाकार म्हणून लिहीत नाही. तेवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही. नाटक म्हणजे गावच्या जत्रेतला तमाशा आणि नवरात्रात रात्रभर चालणारा देवीचा गोंधळ, एवढीच माझी पूर्वतयारी. ‘नटसम्राट’ रंगमंचावर मी अजून पाहिलेले नाही. २०१६ साली आलेला चित्रपट मोबाईलवर तुकड्यातुकड्याने पाहिला. पुस्तक मात्र तीन वेळा वाचले. तिसऱ्या वेळी मोठ्याने वाचले, त्याचे कारण पुढे येईल.

सरांनी वर्गात प्रश्न विचारला होता, "‘नटसम्राट’ ही कृतघ्न मुलांची शोकांतिका आहे, असे तुम्हाला वाटते का?" सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणाला. त्यात माझाही सूर होता. परंतु त्या दिवशी एसटीने गावी परतताना मला सारखे वाटत राहिले, की आपण खोटे बोललो. सरांना दुसऱ्या दिवशी तसे सांगितले. ते रागावले नाहीत. "जे वाटते ते वार्षिकांकासाठी लिहून आण," एवढेच म्हणाले. म्हणून हे लिहिते आहे. काही ठिकाणी माझे मत सरांच्या व्याख्यानाहून वेगळे पडले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नाटकाची माहिती आपणा सर्वांना आहेच, तरी थोडक्यात सांगते. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला. दि गोवा हिंदु असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे होते, आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब उभा केला. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नानासाहेब फाटकांना मराठीत शेक्सपिअरचा लिअर रंगवायची फार इच्छा होती आणि त्यांच्या आग्रहातून या नाटकाचे बीज पडले, असे सांगतात. पण शिरवाडकरांनी भाषांतर केले नाही. राजाच्या जागी त्यांनी एक निवृत्त नट आणला. राज्याच्या जागी त्याची पोटाला चिमटा घेऊन साठवलेली मिळकत आली. नट ती मुलाच्या आणि मुलीच्या नावे करून मोकळा होतो, मग आधी एका घरी व नंतर दुसऱ्या घरी राहतो, दोन्ही घरांत नकोसा होतो, मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. बायको जाते आणि शेवटी रस्त्यावर बूटपॉलिश करणारा एक पोरगा त्याला आपला म्हणतो.

लिअर मी विंदा करंदीकरांच्या ‘राजा लिअर’ या भाषांतरात वाचला. हे भाषांतर १९७४ चे आहे. ग्रंथालयातली प्रत जुनी असून तिच्या मागच्या खिशातल्या कार्डावर फारच थोड्या तारखा आहेत. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की लिअर हा ब्रिटनचा ऐंशी ओलांडलेला राजा आहे. त्याला तीन मुली. तो नकाशा पुढे ठेवतो आणि म्हणतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा, त्या मानाने वाटा देतो. गॉनरिल आणि रीगन या थोरल्या दोघी गोड बोलून आपापले वाटे पदरात पाडून घेतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, मुलीने बापावर करायचे तेवढे प्रेम मी करते, त्याहून जास्त बोलणे मला जमत नाही. राजा चिडतो. तिचा वाटा दोघी बहिणींत वाटून टाकतो आणि तिला हुंड्याशिवाय फ्रान्सच्या राजाच्या हाती देतो. पुढे ज्यांना दिले त्या बापाला वादळात बाहेर काढतात, आणि जिला काही दिले नाही तीच त्याच्यासाठी परत येते.

आता राज्य वाटून दिल्यावर राजाने स्वतःसाठी काय ठेवले? राजा हे नाव, शंभर स्वार, आणि दोघी मुलींकडे एकेक महिना आळीपाळीने राहण्याची सोय. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. चारशे वर्षांपूर्वीच्या विलायती राजाने आमच्या गावची पाळी लावून घेतली होती!

आपल्यापैकी जे खेड्यातून येतात त्यांना पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. वाटणी झाली की म्हातारा-म्हातारी पाळीने जेवतात. विहिरीच्या पाण्यालाही पाळी असते आणि म्हाताऱ्या माणसालाही पाळी असते, शब्द एकच. फरक इतकाच, की पाण्याच्या पाळीसाठी लोक रात्री जागून भांडतात, म्हाताऱ्याची पाळी मात्र कोणी हिसकावून घेत नाही.

आमच्या घरची वाटणी २०२५ च्या गुढीपाडव्यानंतर झाली. जमीन नऊ एकर. तिघे भाऊ. थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते आणि माझे वडील गावातच. धाकटे नाना सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर आहेत. आणि एक आत्या, नळदुर्गाच्या बाजूला दिलेली. आधी आत्याला तुळजापूरला बोलावून घेतले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिने हक्कसोडपत्रावर सही केली. सही म्हणजे अंगठाच. मग सगळे देवीच्या दर्शनाला गेले, कल्लोळ तीर्थावर पाय धुतले, पेढे घेतले आणि आत्याला साडीचोळी केली. मी बरोबर होते. आत्या हसत होती. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. सगळ्याच आत्या तसे करतात.

जमिनीचे तीन वाटे पडले. सातबाऱ्यावर आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे नाव राहिले नाही. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. आजीने मरायच्या आधी दोनदा बजावले होते, की विहिरीजवळचा तुकडा तेवढा आपल्या नावावर राहू द्या. आबा म्हणाले, पोरांवर इस्वास न्हाई का तुजा?

त्याच रात्री पाळीचा विषय निघाला. तात्या म्हणाले, "घरात शिकलेली पोर हाय. कागूद तिच्याकडनं लिहून घ्या, म्हंजी मागनं वाद नको." मला अभिमान वाटला. मी वहीतला मधला कोरा कागद काढला, पट्टीने रेघा मारल्या, तीन रकाने पाडले. चैत्र-वैशाख तात्या. ज्येष्ठ-आषाढ आम्ही. श्रावण-भाद्रपद नाना. पुन्हा अश्विनपासून तसेच. पाळी अमावास्येला बदलायची. त्यात कोणीतरी काढले, की २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक येतो, म्हणजे त्या वर्षी आमच्याकडे दोनाऐवजी तीन महिने पडणार. यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी अधिक महिना तिघांत दहा दहा दिवस वाटून घ्यायचे ठरले आणि मी तेही खाली तारांकित करून लिहिले. माझ्या अक्षराचे सगळ्यांनी कौतुक केले. आबा कोपऱ्यात बसून होते. त्यांनी कागद हातात मागून घेतला. त्यांना वाचता येत नाही. "माजं नाव कुठं हाय?" म्हणाले. मी बोट ठेवून दाखवले. नाव वर, मथळ्यात होते. खाली सगळे महिने.

तो कागद आमच्या देवघराशेजारी खिळ्याला अडकवलेला आहे. सरांच्या प्रश्नाला "हो सर" म्हणताना माझ्या डोळ्यापुढे तोच आला.

कृतघ्न हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की दोष त्या मुलांच्या अंगावर जातो आणि प्रेक्षक निर्दोष होऊन घरी जातो. नाटक संपल्यावर डोळे पुसणाऱ्यांत कितीजणांच्या घरी पाळीचा कागद असेल? मला तर लिअरच्या थोरल्या मुलींचे बोलणे वाचताना भीती वाटली ती त्या दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचे म्हणणे वरवर पाहता इतके रास्त वाटते म्हणून. शंभर स्वार घरात ठेवून चालेल कसे? पन्नास आणा. पन्नास तरी कशाला, पंचवीस पुरेत. मग दहा, मग पाच, मग एक तरी कशाला.

आबांचेही तसेच झाले. त्यांचे स्वार म्हणजे एक बाज, एक रेडिओ आणि एक उस्मानाबादी शेळी. तात्यांकडे होते तोवर तिन्ही होते. आमच्याकडे आले तेव्हा बाज तात्यांच्या ओसरीवरच राहिली, कारण आमच्या ओसरीत सोयाबीनच्या बियाण्याची पोती होती. चार दिवसांत नेऊ म्हणालो. नानांकडे जायची वेळ आली तेव्हा शेळी राहिली, कारण सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर शेळी कोण चढवणार? रेडिओही राहिला, कारण नानांच्या खोलीत टीव्ही आहे. प्रत्येक कारण खरे होते. आबा एक पिशवी घेऊन गेले. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तुळजापूर ते सोलापूर ४५ किलोमीटर, तिकीट शून्य. सरकारची योजना चांगलीच आहे, पण पाळीवाल्यांची तिने मोठीच सोय केली, हेही खोटे नाही.

नानांची बायको, माझी काकू, घरात विड्या वळते. सोलापुरातल्या कितीतरी बाया वळतात. दिवसाला हजार विड्या झाल्या तर घर चालते. खोली एकच. त्यात नाना रात्रपाळी करून दिवसा झोपतात, दोन पोरांचा अभ्यास, तंबाखूची धूळ, आणि आबांचा खोकला. काकू आबांना कधी वाईट बोलली नाही, हे आबाच सांगतात. पण भाद्रपदात त्यांना ताप आला तेव्हा त्या खोलीत आजारी माणसाला निजायला सलग सहा फूट जागा नव्हती. तिला मी शारदा म्हणू की गॉनरिल? नाटकातली शारदासुद्धा मला दुष्ट वाटत नाही. तिच्या घरात एक माणूस आला आहे, जो दिवसरात्र कुठल्यातरी भूमिकेत असतो आणि आपल्या पोरीला भलतेच काही शिकवतो, अशी तिची भावना आहे. अप्पासाहेबांच्या बाजूला शिरवाडकरांची सगळी भाषा उभी आहे. सुनेच्या बाजूला फक्त घरकाम. टाळ्या कोणाला पडणार हे उघड आहे.

अप्पासाहेबांबद्दल माझे एक मत आहे आणि तेच कदाचित सरांना पटणार नाही. मला वाटते, अप्पासाहेब मिळकत वाटतो तेव्हाही तो रंगमंचावरच असतो. सत्काराची ऊब अंगात आहे, आयुष्यभर टाळ्यांवर जगलेला माणूस आहे. देऊन टाकणे हा त्याचा शेवटचा मोठा प्रवेश. कावेरीच्या मनात शंका येते, ती आपल्या परीने सावध करू पाहते, पण नायकाच्या प्रवेशात असल्या व्यवहारी शंकेला जागा नसते. आमच्या आबांना कोणी टाळ्या दिल्या नव्हत्या, तरी ‘पोरांवर इस्वास न्हाई का’ म्हणताना त्यांच्या तोंडावर तसलेच काहीतरी होते. देणाऱ्याच्या थाटात असलेल्या माणसाला बायकोचे ऐकू येत नाही.

हे मी मनाने म्हणत नाही, मला आबांनीच शिकवले. ते असे झाले. भाद्रपदात तापाची बातमी कळल्यावर आत्या सोलापूरला गेली आणि कोणाला न विचारता त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. जाताना वाटेत आमच्या गावी उतरून शेळी मागून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस आत्याकडे गेले, तेव्हा पिशवीत ‘नटसम्राट’ होते. संध्याकाळी दुसरे काम नसे. मी आबांना वाचून दाखवू लागले. आत्या चुलीपाशी भाकरी थापत ऐकत असे.

आबांना अप्पासाहेब फारसा आवडला नाही. "लई बोलतोय गडी," असे ते पहिल्याच संध्याकाळी म्हणाले. माझी जरा निराशाच झाली. विठोबा त्यांना आवडला, राजा तर फारच. चोरीच्या आळाचा प्रवेश आला तेव्हा ते उठून शेळीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी वाचणे थांबवले. परत आल्यावर म्हणाले, "वाच." कावेरी गेल्यावर मात्र त्यांनी विचारले, "पैसा वाटताना त्यानं कारभारणीला इचारलं व्हतं का?"

मी म्हटले, "तिला काळजी वाटत होती. पण त्यानं मनावर घेतलं नाही."

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्या तरी कुठं घेतलं."

एवढेच. त्यांच्याजवळ स्वगत नाही. वर्गात आपण शोकांतिकेच्या व्याख्येत थोर पुरुष, त्याच्या स्वभावातला दोष, त्याचे पतन असे पाठ करतो. आबा थोर नाहीत, आणि पतन म्हणावे तर ते तीन मजले चढून झालेले आहे. पण दोष ओळखण्याचा तो क्षण, ज्याला सरांनी ग्रीक नाव सांगितले होते, तो मी नळदुर्गाच्या बाजूच्या एका ओसरीवर चार शब्दांत ऐकला.

आता माझ्या मथळ्याकडे येते. ‘नटसम्राट’मध्ये कॉर्डेलिया नाही. लिअरच्या तीन मुलींऐवजी इथे एक मुलगा आणि एक मुलगी आहे, दोघांनाही वाटा मिळतो आणि दोघेही चुकतात. वाटा न मिळता प्रेम करणारे तिसरे अपत्य शिरवाडकरांनी ठेवले नाही. तिचा काही अंश कावेरीत गेला, काही छोट्या ठमीत, आणि शेवटचा त्या बूटपॉलिशवाल्या राजात. वर्गात काहींचे मत पडले, की यामुळे मराठी नाटक लिअरपेक्षा उणे झाले, कारण चांगुलपणाचे एक मोठे पात्रच गळले. मला नेमके उलट वाटते.

कॉर्डेलिया लोकांना फार आवडते. इतकी, की नेहम टेट नावाच्या इंग्रज लेखकाने १६८१ मध्ये नाटकाचा शेवटच बदलून तिला जिवंत ठेवले, लिअरला गादी परत दिली आणि तिचे लग्न लावून दिले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर तोच शेवट चालला. जपानच्या कुरोसावांनी १९८५ च्या ‘रान’ या चित्रपटात मुलींच्या जागी तीन मुलगे घातले, पण खरे बोलून बापाच्या घरातून हाकलले जाणारे धाकटे लेकरू तिथेही आहेच. सगळ्यांना ती हवी असते. का हवी असते, याचा विचार मी आत्याच्या ओसरीवर केला.

आमच्याकडे कॉर्डेलिया आहे. ती तुळजापूरच्या कचेरीत अंगठा लावते. तिला राजाने रागाने वाट्याबाहेर काढलेले नसते. साडीचोळी करून, पेढा भरवून, हसत हसत काढलेले असते. आणि मग म्हातारा आजारी पडला की सगळे गाव म्हणते, लेक असावी तर अशी. तात्याही पारावर असेच म्हणतात, मी कानांनी ऐकले आहे. आत्याचे सासर म्हणजे चार एकर कोरडवाहू, एक म्हैस, आणि एक सासू जी दर दोन दिवसांनी विचारते, "तुज्या बापाला ल्योक न्हाईत व्हय?" आमचे नऊ एकर चौघांत वाटले असते तर आत्याच्या वाट्याला सव्वादोन एकर आले असते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही काढून टाकली. कायदा सगळा आत्याच्या बाजूचा. तिचा अंगठा आमच्या बाजूचा.

मी आत्याला विचारले, "तुझी पाळी नाही, मग तू का आणलंस त्यांना?" ती भाकरी उलटत म्हणाली, "पाळी असती तर म्हैना सरला आसता. मला पाळीच न्हाई, मग सरंल कसा?" मी हे वाक्य त्या रात्री वहीत लिहून ठेवले. फार सुंदर वाक्य आहे असे वाटले. दोन दिवसांनी मात्र त्याचा मला राग येऊ लागला. आत्याचा नव्हे, त्या सुंदरपणाचा. ज्याला काही दिले नाही त्यानेच सर्वात जास्त प्रेम करावे, आणि इतरांनी ते पाहून डोळे ओले करावेत, अशी ही व्यवस्था आहे. कॉर्डेलिया असली की गॉनरिल-रीगनला निश्चिंत झोप लागते.

शिरवाडकरांनी १९७० मध्ये मुलीला मुलाबरोबर वाटा दिला, आणि मग मुलाबरोबरच चुकण्याचा अधिकारही दिला. नलू वाईट मुलगी नाही. ती संसारातली, नवऱ्याच्या धाकातली, पैशाच्या हिशेबातली एक साधी बाई आहे. ती देवता नाही. वाटा मिळालेली मुलगी ही मुलासारखीच एक माणूस असते, कधी चुकणारी, मागाहून पस्तावणारी. हे त्या नाटकाने जितक्या सरळपणे दाखवले, तितके मी वाचलेल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात मला आढळलेले नाही. माझी मैत्रीण यावर म्हणाली, "म्हणजे मुलींनी वाटे घ्यावेत आणि नलूसारखं वागावं, असं तुला म्हणायचं आहे का?" तसे नाही. वाटा घेऊन कशी वागेल ते जिचे तिला ठरवू द्यावे. वाटा न देता चांगुलपणा गृहीत धरणे, हे मला पटत नाही.

कायद्याचे म्हणाल तर म्हाताऱ्यांसाठीही तो आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आम्हाला राज्यशास्त्राच्या सरांनी सांगितला. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुलांकडून दरमहा निर्वाह मिळू शकतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळले नाही तर परतही घेता येते. मी आबांना हे सांगितले. ते म्हणाले, "पोरांवर कागूद करू?" आणि माझ्याकडे असे पाहिले, की पाळीचा कागद मीच लिहिला होता हे त्यांना आठवत असावे असे वाटले. वाटणीत तर कसली अटही घातलेली नव्हती.

अश्विन-कार्तिक तात्यांचे होते. तात्या आबांना आणायला गेले नाहीत. मार्गशीर्ष लागला, पाळी आमची आली. मी रोज कॉलेजला जाताना त्या खिळ्याकडे पाहत होते. वडील म्हणत, तुरीची रास झाली की जाऊ. रास झाली. मग म्हणाले, थंडी फार आहे, तिथे आबा रुळलेत, कशाला हलवायचे? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि माझे वडील वाईट नाहीत. माझ्या फीसाठी त्यांनी गेल्या साली एक खोंड विकला. पौष सरला.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला तो कागद काढायला सांगितला. तिघा भावांचे फोनवर बोलणे झाले होते. "नवा लिही," म्हणाले. "आबा आक्काकडंच ऱ्हातील. तिघांनी मिळून तिला म्हैन्याला काय तरी धाडायचं. आक्काचं नाव घाल, चांगल्या अक्षरात."

मी पट्टी घेतली, रेघा मारल्या. आत्याचे नाव लिहिले. पुढे बारा महिने लिहिले. मग शेजारी आणखी एक रकाना पाडला आणि वर ‘एकर’ असे लिहून वडिलांना विचारले, "दादा, इथं किती लिहू?"

आई चुलीपुढून उठून दारात आली. माझा भाऊ नववीत आहे, तो पुस्तकातून मान वर करून आमच्याकडे पाहू लागला. वडिलांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येते. खालपासून वरपर्यंत त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि धारा काढायला गोठ्यात गेले. कागद अजून त्यांच्याकडेच आहे. खिळा रिकामा आहे.